घासलेलं चाक, झाकलेला तडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या वाचकांच्या पत्रांत मागच्या आठवड्यात एका गृहस्थांनी तक्रार केली होती. फुटपाथला गाडीचं चाक घासलं, दुरुस्तीला दोन हजार मोजले आणि मिळालं काय, तर चंदेरी रंगाचा एक फवारा. हे चाकवाले सरळ लुटतात, असं त्यांचं म्हणणं. मी त्या चाकवाल्यांपैकीच एक. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं अलॉय व्हील, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाकं, दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, २००७ पासून. त्याआधी एकवीस वर्षं फौंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात होतो, शेवटची अकरा ॲल्युमिनियमच्या कास्टिंगवर. त्या गृहस्थांचा राग अर्धा बरोबर आहे, अर्धा चुकीच्या जागी आहे, आणि ज्यावर खरोखर रागवावं ती गोष्ट त्यांच्या पत्रात आलेलीच नाही. म्हणून लिहायला बसलो. माझं नाव मात्र छापू नका. फुकटात जाहिरात करून घेतली म्हणून गल्लीतले लोक चहा मागतील.

आधी दोन हजारांचं सांगतो.

गाडी आली की चाक काढायचं, टायर उतरवायचा, बॅलन्सिंगची चिकटवलेली वजनं काढायची. मग धुणं. हे धुणं शाम्पूचं नव्हे. ब्रेक पॅडची काळी पूड चाकावर बसून बसून भाजल्यासारखी चिकटलेली असते. ती राहिली तर वरून कितीही भारी रंग द्या, दोन महिन्यांत त्याच्या पापड्या निघणार. धुऊन वाळलं की घासलेल्या कडेवरून बोट फिरवायचं. डोळ्याला न दिसणारं पुष्कळ काही बोटाला लागतं. सिमेंटच्या कडेने ॲल्युमिनियम खरवडलं म्हणजे तिथला धातू नुसता निघून जात नाही, तो पुढे लोटला जातो आणि कडेला करवतीच्या दातासारखी पातळ धार उभी राहते. कारखान्यात तिला आम्ही बर म्हणतो. ती आधी कानशीने काढायची. अर्धगोल कानस, कडेच्या गोलाईबरोबर, एकाच दिशेने. ॲल्युमिनियम मऊ असतं, ते कानशीच्या दातांत भरतं आणि मग कानस कापायची सोडून ओरखडे पाडत बसते. म्हणून कानशीला आधी शाळेतला खडू चोळायचा. ही युक्ती मला फौंड्रीतल्या एका म्हाताऱ्या फिटरने १९८८ साली शिकवली. आजही माझ्या कानशीच्या फळीवर खडूचा डबा असतो, आणि दुकानात येणारी लहान पोरं हमखास त्यातला एक खिशात घालतात.

कानशीनंतर पॉलिश पेपर. १२० नंबरचा, मग २४०, ४००, आणि शेवटी ६०० चा वॉटर पेपर, पाणी लावून. खड्डा मिलिमीटरभर असेल तर आजूबाजूची कड उतरवून तो बेमालूम जिरवता येतो. त्याहून खोल असेल तर धातूची पूड घातलेली इपॉक्सी लांबी, म्हणजे पुट्टी भरायची, तीसुद्धा फक्त बाहेरच्या कडेला. जिथे टायर बसतो तिथे लांबी नाही म्हणजे नाही. मग प्रायमर, रंग, वरून पारदर्शक लॅकर. ‘चंदेरी’ हा एक रंग आहे असं ज्याला वाटतं त्याने माझ्या दुकानात एक दिवस काढावा. नवाच्या नऊ चंदेरी डबे आहेत माझ्याकडे, आणि तरी गिऱ्हाईक उन्हात चाक धरून म्हणतं, मामा, हे बाकीच्या तिघांपेक्षा जरा पिवळं दिसतंय. दिसतं कधी कधी, मान्य आहे. बाकीच्या तिघांनी सहा वर्षं ऊन खाल्लेलं असतं. रंग वाळला की टायर चढवणं, हवा, बॅलन्सिंग. एकूण दीड दिवस. मी एका चाकाचे अठराशे घेतो.

आता ज्याने टायर न उतरवता, टायरभोवती वर्तमानपत्र गुंडाळून (तुमचंच असेल, आमच्याकडे तेच जास्त येतं) अर्ध्या तासात फवारा मारून दिला आणि त्याचे दोन हजार घेतले, त्याच्याबद्दल मी काही बोलणार नाही. तिथे तुमचे वाचक बरोबर आहेत.

आणि नखाएवढा ओरखडा असेल तर माझ्याकडे येऊच नका. दोन पेपर, एक प्रायमर, एक रंगाचा डबा, रविवारची सकाळ. लॅकर उडालेल्या जागी पाणी शिरण्याआधी करा एवढंच.

फुटपाथच्या कडेचं थोडं. माझ्याकडे येणारी बहुतेक चाकं डावीकडची असतात, आणि त्यातही मागचं डावं जास्त. कारण साधं आहे. ड्रायव्हर बसतो उजवीकडे, फुटपाथ असतो डावीकडे, आणि वळताना मागचं चाक पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकत नाही, ते आतून जातं. आमच्याकडे उसाच्या हंगामात ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या लावून गावातल्या बोळातून काढणारी पोरं आहेत. दुसरी ट्रॉली वळणावर किती आत येणार हे त्यांना पाठ असतं, म्हणून ती आधी रस्त्याच्या उजव्या अंगाला जातात आणि मग वळतात. बारा-पंधरा लाखांची गाडी चालवणाऱ्याला हे कुणी शिकवलेलं नसतं. पुढचं चाक कडेपासून वीतभर लांब राहिलं म्हणजे झालं असं तो समजतो, आणि मागून ‘खर्रर्र’ आवाज आला की खिडकीतून मान काढून बघतो. डावा आरसा थोडा खाली झुकवून मागचं चाक दिसेल असा ठेवला तर माझं अर्धं गिऱ्हाईक कमी होईल. होऊ दे.

अजून एक समज आहे, की पूर्वीच्या टायरला रबर भरपूर होतं, आता रबरच उरलं नाही, म्हणून रिम घासते. मीही हेच सांगत असे. एकदा कामधंदा नव्हता तेव्हा हिशेब करून बघितला. जुन्या मारुती ८०० ला टायर होता १४५/७० आर १२. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा आकडा त्या रुंदीच्या किती टक्के बाजूची उंची आहे तो. म्हणजे १४५ चे ७० टक्के, जवळजवळ १०१ मिलिमीटर. आता एखाद्या गाडीला १९५/५५ आर १६ असतो. १९५ चे ५५ टक्के, १०७ मिलिमीटर. रबर कमी झालेलं नाही, उलट पाच-सहा मिलिमीटर वाढलंय. बदललंय ते वेगळंच. जुन्या गाडीजवळ उभं राहून वरून खाली बघा. अरुंद रिम, आणि तिच्या बाहेर टायरचं पोट सुटलेलं. फुटपाथला आधी टायर लागायचा, रिम आत सुरक्षित. आताची रिम रुंद, टायर तिच्यावर ताणून बसवलेला, आणि दिसायला चांगलं म्हणून चाकाचे आरे थेट कडेपर्यंत आणलेले. पोट गेलं आणि हाडं वर आली, असं मी गिऱ्हाइकाला सांगतो. टायर घेताना रिमच्या कडेच्या बाहेर येणारा रबराचा उंचवटा त्याला आहे का, एवढं विचारा. काही टायरना तो असतो, आणि तो चाकाआधी घासतो.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांच्या सोयींबद्दलच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत फुटपाथची उंची १५० मिलिमीटरच्या वर नसावी असं म्हटलंय. एका सकाळी मी टेप घेऊन दुकानाच्या वाटेवरचा एक रस्ता मोजला. १९०, २४०, आणि एका कोपऱ्यावर २७०. पण इथे चाकवाला म्हणून माझं मत विचाराल तर ते चाकाच्या बाजूचं नाही. एवढ्या उंच कडेचा खरा त्रास गुडघे दुखणाऱ्या बाईमाणसांना आहे, त्यांना फुटपाथ सोडून रस्त्यावरून चालावं लागतं. रिमचं काय, ती माझ्याकडे येते. दोन चाकं फुटपाथवर चढवून गाडी लावायची आणि उतरताना चाक घासलं की कडेला शिव्या द्यायच्या, असं एकजण परवा दुकानात करत होता. मी बिल तेवढंच लावलं, पण मनातून दोनशे जास्त लावले.

डायमंड कट चाकांबद्दल लिहायलाच हवं, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होते. त्यात हिरेबिरे काही नसतात. लेथवर हिऱ्याच्या टोकाच्या हत्याराने चाकाचा चेहरा कातलेला असतो. त्या बारीक बारीक चरांमुळे उन्हात सीडीसारखे रंग चमकतात. वर फक्त पारदर्शक लॅकर. हे चाक घासलं की रंगाने भागत नाही, पुन्हा कातावं लागतं, म्हणजे प्रत्येक वेळी चेहऱ्यावरचा धातू थोडा कमी होतो. दोनदा, फार तर तीनदा. त्यानंतर मी त्याला पूर्ण रंग द्यायला सांगतो. पंचाईत अशी की चाक आधी किती वेळा कातलंय हे दुसऱ्या दुकानदाराला कळायला मार्ग नसतो. म्हणून मी आतल्या बाजूला पक्क्या रंगाच्या पेनाने तारीख लिहितो. सुरुवातीला पंचाने ठिपका मारत होतो. मग फौंड्रीतलं डोकं जागं झालं: अरे, ज्या धातूला तडा जाऊ नये म्हणून आपण जपतोय, त्यालाच खाच पाडून तड्याला जागा करून देतोय! तेव्हापासून पेन.

कोकणातून येणाऱ्या डायमंड कटची कथा अजून वेगळी. रत्नागिरी, मालवण, पलीकडे गोवा. आंब्याचा, गगनबावड्याचा किंवा फोंड्याचा घाट चढून ही चाकं माझ्याकडे येतात. कडेला नुसतं टोचलेलं असतं, लॅकरचा टिकलीएवढा टवका उडालेला. पण खाऱ्या हवेला तेवढं दार पुरतं. लॅकरच्या खाली पांढऱ्या रेषा पसरत जातात, भिंतीवर वाळवी चढते तशा. मालवणकडचे एक गुरुजी दर दिवाळीला येतात, त्यांना मी तिसऱ्या वर्षी सांगितलं, गुरुजी, आता चमक सोडा, साधा राखाडी रंग घ्या. ते म्हणाले, बायको नाही म्हणते. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते.

घासलेलं चाक म्हणजे खरचटलेला गुडघा. तडा गेलेलं चाक ही वेगळी जात आहे. आणि दोन्ही एकाच दुकानात, एकाच रंगाच्या डब्याखाली येतात.

फौंड्रीत मी जे ॲल्युमिनियम ओतत होतो त्याच जातीच्या मिश्रणाची चाकं बहुधा असतात. त्यात सुमारे सात टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम. ओतून निघालेलं चाक तसंच गाडीला लावलं तर ते चालणार नाही. ते आधी साधारण ५४० अंशांपर्यंत तापवून काही तास तसंच ठेवतात, मग एकदम पाण्यात बुडवतात, आणि नंतर दीडशे-एकशे साठ अंशांच्या भट्टीत पुन्हा काही तास मुरवतात. चाकाची ताकद त्या मुरण्यात तयार होते. लोणचं बाटलीत भरल्या दिवशी आणि महिन्याने सारखंच दिसत असेल, पण चव एक नसते. तड्यावर आर्गनने वेल्डिंग केलं की धातू तिथे वितळतो आणि आजूबाजूचं मुरलेलं सगळं उतरून जातं. बाहेरून काहीही दिसत नाही. वेल्डिंगचा टाका मजबूत असतो, त्याच्या शेजारची बोटभर पट्टी मऊ पडलेली असते.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. २०११ च्या पावसाळ्यात गडहिंग्लज भागातले एक पाहुणे चाक घेऊन आले. आऱ्याच्या मुळाशी केसासारखी चीर, दीड इंचाची. नवं चाक परवडत नाही म्हणाले. मला सगळं माहीत होतं, फौंड्रीत अकरा वर्षं हेच केलं होतं. तरी शेजारच्या आर्गनवाल्याकडून टाका मारून घेतला, घासला, रंग दिला, बाराशे रुपये घेतले. चार महिन्यांनी ते चाक घेऊन पुन्हा आले. निपाणीच्या पुढे तवंदी घाटात उतारावर चाकाचा तुकडा पडला होता. गाडीत बायको आणि दोन मुलं. गाडी कडेला घासत गेली आणि थांबली, कुणाला काही झालं नाही. त्यांनी चाक माझ्या टेबलावर ठेवलं आणि एवढंच म्हणाले, “मामा, हे बघा.” मी बघितलं. वेल्डिंगचा टाका जसाच्या तसा होता. त्याच्या शेजारी, बोटभर अंतरावर, धातू फाटला होता.

त्या दिवसापासून माझ्याकडे तड्याला टाका नाही. बाराशे परत दिले, आणि ते चाक खिळ्याला टांगून ठेवलंय, अजून आहे. आता माझ्याकडे येणारं प्रत्येक चाक, मग ते नुसतं घासलेलं असलं तरी, टायर उतरवल्यावर आधी टांगतो आणि लाकडी हातोडीने हलकंच ठोकतो. चांगलं चाक देवळातल्या घंटेसारखं वाजतं, आवाज रेंगाळतो. तडा असला की बहुधा थड्ड असा बद्द आवाज येतो. पूर्वी रेल्वे स्टेशनावर माणूस हातोडी घेऊन डब्यांची चाकं वाजवत फिरायचा, तीच गोष्ट. पण कानावर सगळं सोडता येत नाही. शंका आली की लाल-पांढरा स्प्रे.

हे काम गिऱ्हाइकाला उभं करून दाखवतो, कारण सांगून खरं वाटत नाही. यंदाच्या मार्चमध्ये एक मुलगी आली होती, बँकेत नवी नोकरी, पहिली गाडी, सेकंडहँड घेतलेली. चारही चाकं काळीभोर, चकचकीत, पावडर कोटिंग केलेली, म्हणजे रंगाची कोरडी पूड भट्टीत भाजून बसवलेली. तक्रार अशी की पुढच्या उजव्या चाकाची हवा आठवड्याला आठ-दहा पॉइंट उतरते, पंक्चरवाल्याला खिळा सापडत नाही. टायर उतरवला. रिमच्या आतल्या भागात, जो टायर बसल्यावर कधीच कुणाला दिसत नाही, काळ्या रंगाखाली एका जागी फुगीर वाटलं. ठोकून बघितलं, बद्द. तेवढ्या जागेचा रंग काढला, तर खालून लांबी निघाली. बाहेरच्या कडेला शोभेसाठी भरतात तीच लांबी, इथे हवा अडवायला भरलेली. ती खरवडून धातू पुसून घेतला आणि लाल द्रव फवारला. दहा मिनिटं थांबायचं; चीर असेल तर द्रव आत शिरतो. मग वरचा लाल रंग फडक्याने पूर्ण पुसायचा, एक थेंब दिसता कामा नये. आणि मग पांढरा फवारा, चुन्यासारखा. सगळं पांढरं होतं, आणि मग आपण बघत असताना त्या पांढऱ्यावर लाल रेघ वर येते. आधी टिंब, मग टिंबं जोडली जातात. या चाकावर ती तीन इंच आली आणि टोकाला तिला फाटा फुटलेला होता. मुलगी काही बोलली नाही, मोबाइलवर फोटो काढला. जुन्या फौंड्रीत हा स्प्रे मिळायचा नाही तेव्हा आम्ही रॉकेल आणि खडूची भुकटी वापरायचो, त्यातही रेघ उमटायची, पण लाल रंगाने माणसाच्या पोटात जो गोळा येतो तो रॉकेलने येत नाही.

त्याच गाडीच्या बाकीच्या तीन चाकांना तडा नव्हता, पण ज्याने कोटिंग केलं होतं त्याने नटच्या बैठकीतसुद्धा जाड थर चढवला होता. नट आवळला की तो धातूवर बसला पाहिजे. रंगावर बसला तर रंग दबतो, चुरतो, आणि घट्ट आवळलेला नट महिन्याने सैल होतो. तिचे दोन नट हाताने फिरले. कोटिंग करून घेणाऱ्यांनी ही बैठक आणि हबला (चाक गाडीला ज्यावर बसतं त्या भागाला) टेकणारी मागची बाजू झाकून घ्यायला सांगावं, आणि नवीन रंगाची चाकं लावल्यावर शंभरेक किलोमीटरने नट पुन्हा तपासून घ्यावेत. भट्टीचंही तेच. पावडर बसवायला १८० ते २०० अंश लागतात. एकदा केलं तर ठीक, पण रंग आवडला नाही म्हणून पुन्हा, परत तिसऱ्यांदा, असं करणारे शौकीन आहेत. ज्या धातूला एकशे साठला मुरवलंय त्याला पुन:पुन्हा दोनशेला तापवलं की त्याची ताकद कमी होत जाते.

मुलीचे वडील बरोबर होते. मी म्हणालो हे चाक गेलं, नवं घ्या. त्यांनी किंमत विचारली, मी सांगितली, ते गप्प झाले. थोड्या वेळाने मला बाजूला घेऊन म्हणाले, “दादा, जसं होतं तसं भरून काळं करून द्या. गाडीच विकून टाकतो. आम्हाला कुणी सांगितलं होतं?” मला त्यांचा राग आला नाही, खरं सांगतो. नोकरदार माणूस, फसला होता. मी नाही म्हणालो. त्यांनी चाक पोत्यात घातलं आणि घेऊन गेले.

ते चाक आज कुठल्या गाडीला आहे, मला माहीत नाही. रात्री झोपताना हे डोक्यात येतं.

चूक माझीही होती. मी त्यांना ‘टाकून द्या’ म्हणालो. टाकून कुठे देणार? माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर असे लोक आहेत जे अख्ख्या चाकाचे हजार-बाराशे देतात, कसलंही असो. कापून, मोडीत वजनावर दिलं तर नऊ-दहा किलोचे दीडशे-पावणेदोनशेच्या भावाने फार तर साडेसतराशे; पण हे कापणार कोण, आणि फुटकळ आलेल्या माणसाला मोडवाला तेवढा भाव देतो कुठे? म्हणून चाक अख्खंच विकलं जातं, लांबी भरून काळं होतं आणि कुणाच्या तरी पहिल्या गाडीला बसतं. मी त्या वडिलांना तिथल्या तिथे दीड हजार देऊन चाक ठेवून घेतलं असतं तर प्रश्न मिटला असता. सुचलं नाही.

आता सुचलंय. मार्चपासून तडा सापडलेलं चाक मी विकत घेतो, मोडीच्या भावात, दोन-पाच रुपये पदरचे गेले तरी. आणि गिऱ्हाइकासमोर कटरने आरपार कापतो. दहा मिनिटांचं काम आहे. आत्तापर्यंत सात कापली. कापलेले अर्धे तुकडे दुकानामागे रचून ठेवलेत, गाडीभर झाले की मोडवाला नेईल. आमच्या गल्लीतल्या दोघा टायरवाल्यांना हे सांगितलं. एकाने सुरू केलं. दुसरा म्हणाला, तुम्हाला काय, तुमची पोरं शिकून बाहेर गेली.

तुमच्या वर्तमानपत्रातून मला दोनच माणसांना सांगायचंय. ज्यांचं चाक बदललं, मग ते स्वतःच्या पैशाने असो की विम्यातून, त्यांनी जुनं चाक कुठे गेलं हे विचारावं, आणि शक्य असेल तर ते कापताना बघूनच घरी यावं. आणि जे चकचकीत चाकांची सेकंडहँड गाडी घेतायत त्यांनी घेण्याआधी चारही टायर उतरवून रिमची आतली बाजू बघावी. विकणारा नको म्हणाला तर गाडी तिथेच सोडावी. एका टायरचे उतरवून चढवायचे पैसे एका मिसळीएवढे असतात.

पत्र लांबलं आहे याची जाणीव आहे. जागा नसेल तर मारुती ८०० चा हिशेब कापा, मालवणच्या गुरुजींना कापा, लाल रेघ तेवढी ठेवा.

आणि ज्या वाचकांचे दोन हजार गेले त्यांना सांगा, त्यांनी ते चाक माझ्याकडे घेऊन यावं. टायर उतरवून आतून बघू, बघण्याचे पैसे मी घेत नाही. नाव छापू नका म्हटल्यावर ते येणार कुठे, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. मग त्यांनी आपल्या जवळच्या चाकवाल्याकडेच जावं, आणि टायर उतरेपर्यंत चहाला न जाता तिथेच उभं राहावं.

आपला,
एक चाकवाला
उद्यमनगर, कोल्हापूर